डाव्या मांडीच्या वळ्या

शेंद्रा, १२ नोव्हेंबर २०२४

आत्याबाई,

नमस्कार करते. तुम्ही तोंड फिरवून बसाल, तरी करते.

पाकीट बघून मामा म्हणतील, सुनबाईच्या मोबाईलला काय धाड भरली? मोबाईल धड आहे. माझा नंबर दिसला की तुम्ही कट करता. मामांना लावला तर ते बिचारे "म्हातारी बोलंना गं" म्हणतात आणि इकडं थंडी पडली का ते विचारत बसतात. म्हणून लासूर स्टेशनच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर लिहिते. मेंढरं कुठल्या का रानात असेनात, मामा आठवडी बाजाराला तिथं येतातच. आणि हे पत्र मामाच तुम्हाला वाचून दाखवणार, तेव्हा मामा, तुम्हालाही नमस्कार.

कामाचं लिहिते. तुमची नात राजनंदिनी सोळा महिन्यांची झाली. आठ दात आले. "पप्पा" म्हणते, "भू" म्हणते, कुकरची शिट्टी झाली की टाळ्या वाजवते. सगळं करते, फक्त चालंना.

रांगते लई जोरात. म्हणजे एक गुडघा टेकवते आणि दुसरा पाय मागं ओढत नेते. कॉटला धरून उभी राहते, मग बुडावर बसते आणि हसते. ती हसते तशी मला धडकी भरते. शेजारच्या आशाबाईंचा नातू हिच्याहून दोन महिन्यांनी लहान, तो परवा आमच्या घरात पळत येऊन हिच्या हातातलं बिस्किट घेऊन पळाला. आशाबाई म्हणाल्या, "अगं शालू, अजून नाय का चालत? होईल, होईल." ते दुसरं "होईल" मला लई लागलं. मी दार लावून घेतलं. आता त्या दिसल्या की मी हिला कडेवरच ठेवते, खाली सोडतच नाही.

तुमचे चिरंजीव तर निम्मे डॉक्टर झालेत. पहिल्या शिफ्टवरून आले की जेवत नाहीत, मोबाईलवर लेकरांच्या चालण्याचे व्हिडिओ बघतात. गुलमंडीच्या बाजारातून वॉकर आणला, त्याला लाइट आणि गाणी. पोरगी त्यात बसून गाणी ऐकते, पाय टेकवायचं नाव नाही. सकाळी कंपनीच्या मागच्या मैदानात हिरवळीवर अनवाणी उभी करतात. एकीनं सांगितलं शनिवारी मारुतीच्या पायरीला पाय लावा, तेही केलं. मी सुचवलं की डॉक्टरला दाखवू, तर म्हणाले, "माझ्या लेकीला काय झालंय दाखवायला?"

मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, की हे स्वतः कितव्या महिन्यात चालले? घराण्यात उशिरा चालायची रीत असली तर तसं कळवा. जिवाला बरं वाटेल.

आपल्यात मागच्या वर्षी जे झालं ते झालं. ते मी काढत नाही, तुम्हीही काढू नका.

शालू

शेंद्रा, २ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

तीन आठवडे झाले. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला पत्र मामांनी त्याच दिवशी नेलं. म्हणजे वाचलंत. तरी उत्तर नाही. बरं. मी म्हणजे गप बसणारी नव्हं, हे तुम्हाला लग्नात उखाणा घेतला तेव्हाच कळलं होतं.

ह्यांना न सांगता मी हिला रिक्षात घालून लेकरांच्या एका दवाखान्यात नेलं. गर्दी एवढी की डॉक्टरांनी हिला टेबलावर निजवलं सुद्धा नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "अठरा महिन्यांपर्यंत वाट बघा, काही लेकरं आळशी असतात." टॉनिक दिलं. मी आनंदानं घरी आले, शिरा केला. दोन दिवस बरी झोप लागली. तिसऱ्या दिवशी आंघोळ घातल्यावर हिचे पाय पुसताना हात डाव्या मांडीवर आला.

खोटं कशाला लिहू. मी बघितलं. वर्षभर मी त्या जागेकडं बघतच नव्हते, हात लागला की झटकन टॉवेल टाकायची. त्या दिवशी दार लावून, खिडकीचा पडदा सरकवून बघितलं. उजव्या मांडीला दोन वळ्या आहेत, डाव्या मांडीला तीन. दोन्ही पाय दुमडून पोटाशी घेतले तर डावा गुडघा बोटभर खाली राहतो. लंगोट बदलताना उजवा पाय फाकतो, डावा मध्येच अडतो. उभी राहते तेव्हा डावी टाच उचललेली असते.

तुम्ही मागच्या वर्षीच्या दिवाळीआधी इथं आठ दिवस राहायला आला होतात. पोरगी तेव्हा तीन महिन्यांची. तिसऱ्या दिवशी तेल लावताना तुम्ही हेच बघितलं होतं. तुमचा हात थांबला होता, मला आठवतंय. तुम्ही म्हणाला होतात, "शालू, हिची मांडी बघ. वळ्या सारख्या नाहीत. दाखव कुणाला तरी."

ती मालीश तुम्ही द्वारकाबाईच्या हातून काढून घेतली होती, म्हणून मी आधीच फणफणले होते. द्वारकाबाई गल्लीतल्या सगळ्या बाळांना तेल लावते आणि पाय सरळ करून धोतराच्या फडक्यात घट्ट बांधते. तुम्ही आल्या आल्या ते फडकं सोडलंत. "बांधू नको गं, लेकरू कडेवर फाकून धर, आमी अशीच वाढवली," म्हणालात. आणि वर ही वळ्यांची गोष्ट. म्हणालात, "कोकरू जन्मलं की आमी आधी पाय बघतो." माझ्या पोरीला मेंढीच्या पिल्लाशेजारी बसवलंत असं मला वाटलं. मी काय काय बोलले ते तुमच्या कानात अजून असेल. मामा वाचताहेत म्हणून इथं लिहीत नाही. तुम्ही चौथ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून लासूरची गाडी धरलीत, एवढं मामांनाही माहीत आहे.

आत्याबाई, तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं होतं? असं कोकरू पुढं चालतं का? कसं चालतं? मला फोन करा. हे गुरुवारपासून दुसऱ्या शिफ्टला आहेत, दुपारी तीन ते अकरा घरात नसतात. तेव्हाच करा. ह्यांच्यासमोर नको.

शालू

शेंद्रा, १९ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

मामांचा फोन आला. एकच वाक्य बोलले. "म्हातारी म्हणते, हाडाच्या डॉक्टरला दाखव, आजच्या आज." मी विचारलं, आणखी काय म्हणते? "आनखी काय नाय," म्हणाले आणि ठेवून दिला. मागं तुमचा आवाज आला मला. तुम्ही मेंढराला हाकारत होतात की मामांना शिव्या देत होतात ते कळलं नाही, पण आवाज ऐकून मी ओट्याजवळ उभी राहून लई रडले.

ह्यांना सांगितलं, आशाबाईंनी सुचवलंय. आशाबाईंचं नाव घेतलं की हे लगेच ऐकतात. काल शहरात हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी हिला टेबलावर निजवलं, पाय दुमडले, फाकवले आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "फोटो काढून आणा." फोटो काढताना हे तिचे हात धरून होते आणि तिच्याहून जास्त घाम ह्यांना फुटला होता.

खुब्याचा सांधा निसटलेला आहे. डावा. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसलेलाच नाही, वर सरकून बसलाय. म्हणून पाय आखूड, म्हणून टाच वर. आता भूल देऊन सांधा बसवून बघणार. नाही बसला तर तिथंच चिरून बसवणार. मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, दोन्ही पाय फाकवून, तीन महिने. अठरा महिन्यांची पोरगी तीन महिने लाकडासारखी. मी विचारलं, मग चालेल? डॉक्टर म्हणाले, "चालेल. चांगली चालेल. पण उशीर केलात. चार-पाच महिन्यांच्या आत आला असता तर कापडी पट्ट्यांवर भागलं असतं. ऑपरेशनची गरज पडली नसती."

हे म्हणाले, "पण साहेब, आम्हाला कसं कळणार?"

डॉक्टर म्हणाले, "लंगोट बदलताना, तेल लावताना घरातल्या कुणाला तरी दिसतं. कुणीच काही बोललं नव्हतं का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, "नाही. कुणीच नाही."

आत्याबाई, मला तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून सुद्धा घेतलं.

घरी आल्यावर डॉक्टरांचं दुसरं एक वाक्य ह्यांनी धरून ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते की असं बहुतेक जन्मतःच असतं, पण पाय सरळ ताणून बांधले की सैल सांधा आणखी सरकतो. झालं. हे तसेच उठले आणि द्वारकाबाईच्या दारात गेले. सगळी गल्ली जमली. "माझ्या पोरीचा पाय तू घालवला," म्हणून ओरडले. ती म्हातारी कानावर हात ठेवून नुसती "नाय ओ दादा, नाय ओ" करत होती. मी आमच्या दारातून बघत होते. खाली उतरले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्या कुणाला नाही. मामांसमोर ती लिहायची माझी छाती होत नाही.

ऑपरेशन नऊ जानेवारीला, गुरुवारी.

शालू

शेंद्रा, ५ जानेवारी २०२५

आत्याबाई,

हे पत्र टपालानं येणार नाही. ह्यांच्या हातून येतंय. आज रविवार, ह्यांना सुट्टी आहे. मी म्हणलं, प्लास्टरमधल्या लेकराला उचलायला दोन बायका लागतात, माझ्या आईच्या कमरेचं दुखणं तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आईला घेऊन या. आधी "नाव काढू नको" म्हणाले. मग दोन तास अंगणात गाडी पुसली. पुसलेलीच परत पुसली. मग म्हणाले, "ती येईल का?" मी म्हणलं, पत्र देते, ते वाचून दाखवा, येतील. पाकीट मी चिकटवलेलं नाही, पण हे दुसऱ्याचं पत्र वाटेत उघडून बघणारे नाहीत. तुमच्यावर गेलेत.

मामा, आज तुम्ही वाचू नका. ह्यांना वाचू द्या, आणि मोठ्यानं वाचू द्या. तुम्ही दोघं जवळ बसा.

द्वारकाबाईपासून सुरू करते. तिला आता गल्लीत कुणी बोलवत नाही. दोन घरं सुटली, नव्या बाळंतिणीनं दुसरी बाई लावली. काल ती रस्त्यात दिसली तर मला बघून तिनंच रस्ता बदलला. मी मेले असते तर बरं झालं असतं. कारण ती पाय सैलच बांधायची. रोज मी तिच्याकडून ओढून घट्ट बांधून घ्यायची. ती म्हणायची, "पोरीला आवळतंय गं." मी म्हणायची, आवळू दे. का, ते सांगते. माझे वडील शहरात सरकारी ऑफिसात शिपाई. मी जन्मात मेंढराच्या मागं गेले नाही. शाळेत पोरी मला "मेंढकी" म्हणायच्या आणि मेंढरं राखणाऱ्या माझ्या चुलत्यांसारखं फेंगडं चालून दाखवायच्या. माझ्या लेकीचे पाय तसे होऊ नयेत, तिनं सरळ, शहरातल्या पोरीसारखं चालावं, एवढ्यासाठी मी ते फडकं आवळलं. चालायचं सोडाच, पोरगी उभी राहीना.

आता दुसरं. त्या दिवशी तुम्ही वळ्या दाखवल्यात तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, तुमच्या अंगाला मेंढरांचा वास येतो, माझ्या लेकराला हात लावू नका. तुम्ही हात पदराला पुसलात. तेलाचे हात.

संध्याकाळी हे कामावरून आले. तुम्ही मोरीत भांडी घासत होतात. ह्यांनी विचारलं, आई गप का आहे? मला भीती वाटली. तुम्ही आधी सांगाल, मग हे माझ्यावर चिडतील, म्हणून मी आधी सांगितलं. मी म्हणलं, "तुमची आई म्हणते, पोरगी अधू आहे. असलं पिल्लू आम्ही कळपात ठेवीत नाय, खाटकाला देतो, असं म्हणाली."

तुम्ही असं म्हणाला नव्हतात. त्यातलं एक अक्षर तुमचं नव्हतं. तुम्ही फक्त म्हणाला होतात, दाखव कुणाला तरी.

हे मोरीच्या दारात जाऊन माझं ते वाक्य जसंच्या तसं तुमच्यावर ओरडले. "माझ्या पोरीचं तोंड बघू नको पुन्हा," म्हणाले. तुम्ही वर बघितलंत. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. मी वाट बघत होते की आता तुम्ही म्हणाल, मी असं बोललेच नाही, ही खोटं बोलते. तुम्ही हातातलं पातेलं विसळलंत, पालथं घातलंत आणि सकाळी निघून गेलात. वर्षभर मी ह्या विचारानं तळमळते, की तुम्ही गप का बसलात? आधी वाटायचं, तुमचा हट्ट. आता वाटतं, तुम्हाला दिसलं असेल की खरं सांगितलं तर ह्यांना बायको आणि आई ह्यातली एक निवडायला लागेल. म्हणून तुम्हीच बाजूला झालात. असंच होतं का? का आणखी काही? समोर याल तेव्हा सांगा. शिव्या देऊन सांगितलंत तरी चालेल.

माझं खोटं पाच मिनिटांचं होतं. पण ते खोटं टिकवायचं म्हणून मी डॉक्टरकडं गेले नाही. गेले आणि डॉक्टरनं काही काढलं असतं तर हे म्हणाले असते, म्हणजे आईला दिसलं होतं. मग पुढचं सगळं बाहेर आलं असतं. ह्यांना ते वाक्य अजून तुमची नुसती शिवीच वाटते, कारण डॉक्टरांसमोरही मी "कुणीच नाही" म्हणलं. म्हणून टॉवेल टाकत राहिले. पट्ट्यांवर भागलं असतं, ते आता भूल देऊन, वेळ पडली तर चिरून करायचं आहे. हे कुणाच्या मालीशनं झालं नाही. मी केलं.

अहो, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल, किंवा वर कुठंतरी तुमचा आवाज थांबला असेल आणि मामांनी कागद घेतला असेल. मला समोरासमोर सांगता आलं नाही. चार वेळा तोंड उघडलं. परवा तुम्ही प्लास्टर घातल्यावर हिला काय खेळवायचं त्याची यादी करत बसला होता, तेव्हा तर जिभेवर आलं होतं. तुम्ही म्हणालात, "शालू, ह्यात तुझी काय चूक?" आणि माझी जीभच वळली नाही. म्हणून तुमच्या आईसमोर, तुमच्याच तोंडून. एकटे वाचलं असतं तर तुम्ही सगळं गिळून टाकलं असतं आणि त्यांना काहीच सांगितलं नसतं.

आधी आईकडं बघा. त्यांच्या पाया पडा. वर्षभर तुम्ही त्यांना फोन केला नाही, तो माझ्यामुळं. मग येताना द्वारकाबाईच्या दारात गाडी थांबवा, जेवढ्या मोठ्यानं ओरडला होता तेवढ्याच मोठ्यानं गल्लीला सांगा की चूक माझ्या बायकोची होती. माझं नाव घ्या. मीही बाहेर येऊन उभी राहीन, ह्या वेळी दारातून बघणार नाही.

माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माहेरी घालवा, बोलू नका, काहीही करा. मी भांडणार नाही. शालू भांडणार नाही म्हणते, एवढ्यावरून समजा.

फक्त गुरुवार सोडा. गुरुवारी सकाळी आठ वाजता हिला आत नेणार आहेत. भूल देईपर्यंत आईला जवळ थांबू देतात, असं तिथली सिस्टर म्हणाली. तेवढं मला थांबू द्या. ती माझा अंगठा धरून झोपते, दुसऱ्या कुणाचा धरत नाही. ती झोपली की मी बाहेर येईन. बाहेर आत्याबाई बसलेल्या असतील तर त्यांच्याशेजारी बसेन, त्यांनी बसू दिलं तर. शुक्रवारी सकाळी मला घराबाहेर काढा.

शालू